बोडीतल्या देवधानावर दिलेला लाल ठिपका

नागपूरच्या सुनंदाताई, गुडघा कसा आहे? वाशिमचे काका, साखर आटोक्यात आली का? आणि परीक्षेच्या धास्तीनं जेवण सोडणारी आमची पुण्याची पिंकी, दोन घास खातेस ना? मागच्या लेखाखाली तुम्ही सगळ्यांनी माझी तब्येत विचारलीत; मी बरी आहे, पण जीव टांगणीला लागलाय.

तळ्यांमध्ये माजलेल्या परक्या झाडांचा नकाशा करायला माणसं हवीत असं कळलं आणि मी सत्तरीत पिशवी भरली. दवनीवाड्याहून एसटीनं गोंदिया, पुढे पॅसेंजरनं अर्जुनी मोरगाव. तिकीट स्वस्त, पण डबा घरचाच घ्या. तिथून बोडीपर्यंत, म्हणजे गावतळ्यापर्यंत, ऑटो. रस्ता हाडं खिळखिळी करतो.

मासेमारी करणाऱ्या कौशल्याबाईंकडे उतरले. काम सोपं. तळ्याच्या पारीवरून, म्हणजे काठच्या बांधावरून फिरायचं, बेशरमचं परकं झुडूप दिसलं की फोटो काढून फोनमधल्या नकाशावर लाल ठिपका द्यायचा. ठिपका पाहून शेजारच्या गावचे मजूर ते मुळासकट काढतात. संध्याकाळी कौशल्याबाई जाळं आवरायला गेल्या, तेव्हा मला पाण्यात रानधान दिसलं. आमच्या बांधीतून, म्हणजे भाताच्या शेतातून, जन्मभर हेच उपटलंय. कोणाला न विचारता ठिपका देऊन टाकला.

सकाळी चहा घेताना कौतुकानं त्यांना दाखवला. त्यांनी कप खाली ठेवला.

“हे कायले टाकलं जी बाई? हे देवधान हाय. याच्याच बुडात मासोळीचे पिल्लं वाढतेत.”

“आमच्याकडे तण म्हणतात याला.”

“तुमच्या बांधीत असन तण. इथं आमी दोन वर्सापासून लावून राह्यलो.”

मजुरांचा फोन लागेना. आम्ही पारीवरून धावत-ठेचकाळत पोचलो, तोवर खोलीएवढी जागा मोकळी झाली होती. रोपं काठावर ढीग करून टाकलेली.

“लाल दिसलं, काढलं,” मुकादम म्हणाला. “आमचं काय चुकलं?”

“तुमचं नाही, माझं.” मी डोळे पुसत ढिगातलं एक रोप उचललं.

“रडून काऊन राह्यली? रोवणा येते ना?” कौशल्याबाईंनी पदर खोचला.

येतो, भाताची रोपं लावण्यातच हयात गेली. दुपारपर्यंत आम्ही एकेक रोप चिखलात परत दाबलं. मुकादमही उतरला. “आजी, पुढच्या बारीला मले विचारा,” असं चिडवत रोपं देत होता.

आता घरी आहे. नकाशावरचा ठिपका मी पुसला, पण मुळं धरली की नाही, इथून कसं कळणार? पन्नास वर्षं धान केलं म्हणून पाण्यातलंही सगळं कळतं, असं धरून चालले होते. कौशल्याबाईंचा फोन लागत नाही. तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असाल, तर बोडीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात जरा पाहा, पाती उभी आहेत की पिवळी पडली. जे दिसेल ते खरंखरं लिहा, आणि लवकर लिहा.