बाबांच्या फटफटीची चेसी

जुन्या मोटारसायकलची चेसी, म्हणजे तिचा मूळ सांगाडा, अस्सल की नकली हे कसं ओळखायचं, ते मला वसईजवळच्या उमेळ्याच्या एका मित्राने शिकवलं. एकेकाळी मी हे कौतुकाने सांगायचो. आता सांगताना डोकं फिरतं.

आम्ही वसईतल्या एव्हरशाईन सिटीत राहायला आलो तेव्हा घरासाठी बाबांनी त्यांची फटफटी विकली होती. बाबा गेले आणि मला त्या गाडीचं वेड लागलं. तिच्या पाटीवरचा नंबर पाठ होता, एवढंच माझं भांडवल. मी बँकेतला कारकून, पाना कसा धरायचा हेही ठाऊक नाही. मित्र मात्र शेतीवाडीच्या घरातला. शेती सुटल्यावर जुन्या गाड्या आणून दुरुस्त करायच्या धंद्याला लागलेला. दोन वर्षं दर रविवारी त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी शिकलो.

"पाटी काय नि कागद काय, कोनीपन बदलतो," तो म्हणायचा. "चेसीचा नंबर बघ. तो खोटा, तर गाडी खोटी."

नंबर सीटखालच्या नळीवर ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की आकडे कागदावर उमटतात, आरटीओत करतात तसे. आकडे सारखे खोल आणि एका रांगेत हवेत. वाकडेतिकडे दिसले, तर कोणीतरी जुने घासून नवे ठोकलेत असं समजायचं. हे मी परीक्षेसारखं घोकलं होतं.

शेवटी गाडी सापडली गिरीजला, एका केळीच्या वाडीत, पंपाच्या खोलीत, गोणपाटाखाली. पाटीवरचा नंबर तोच. म्हातारा वाडीवाला ती द्यायला तयार होता. मित्राला तर नेलंच, पण आईलाही नेलं, कारण त्या गाडीवर बाबांच्या मागे ती किती वर्षं बसली होती.

वाडीवाल्याने गोणपाट बाजूला करताच आईने वाकून सीटखाली हात घातला.

"हीच," ती म्हणाली. "साडी चाकात जाऊ नये म्हणून इथे जाळी लावून घेतली होती. वेल्डिंगची ही गाठ साडीला अडकायची, तर यांनी स्वतः कानशीने घासली. हात लावून बघ."

मी हात लावला नाही. मी मित्राकडे बघत होतो. त्याने पेन्सिल घासली, कागद उजेडात धरला आणि मान हलवली.

"काय उपेग नाय रे. हा तिसरा आकडा बघ, हा पाचवा बघ. हातानं ठोकलेत. कागद तुझ्या बाबांचे, चेसी दुसऱ्याची. उद्या चोरीची निघाली तर पोलीस तुझ्या दारात. नि तू बँकेतला मानूस."

मी पाहिलं. आकडे खरंच वाकडे होते.

"अरे, पण ही गाठ..." आई पुन्हा म्हणाली.

"काकू, अशी जाळी वसईतल्या अर्ध्या गाड्यांना होती," मित्र हसत म्हणाला.

आणि मी, दोन वर्षांच्या रविवारांचा पंडित, म्हणालो, "आई, तू गप्प बस. यातलं तुला कळत नाही." ती बाहेर जाऊन केळींपाशी उभी राहिली.

पेन्सिलचा तो कागद मी पाकिटात ठेवून दिला. पुढच्या वर्षी विरारला एका म्हाताऱ्या मेस्त्रीसमोर शहाणपणा मिरवायला काढला आणि म्हटलं, बघा, नकली नंबर असा असतो. त्याने चष्मा लावला, गाडीचं साल विचारलं, आणि हसला.

"नकली? त्या सालच्या गाड्यांना कारखान्यातच हाताने ठोकायचे. तेव्हाची गाडी आणि आकडे सरळ रांगेत दिसले, तर संशय घ्यायचा. हे अस्सल आहे. कोणी सांगितलं तुम्हाला?"

कागद त्याच्या हातातून परत घेतला. मी तडक गिरीज गाठलं. पंपाच्या खोलीत गाडी नव्हती.

"तुमचा तो मित्र घेऊन गेला ना, त्याच आठवड्यात," वाडीवाला म्हणाला. "बोलला, तुम्हीच पाठवलंय. मला बरं वाटलं, गाडी आपल्या घरी चालली."

तिथून उमेळ्याला गेलो. मित्राने नाकारलं नाही, खाली मानही घातली नाही. गाडी त्याने केव्हाच कोल्हापूरकडच्या एका शौकिनाला दिली होती. "तू काय करनार होतास तिचं?" तो म्हणाला. "बिल्डिंगखाली गंजत ठेवली असतीस. तिकडं ती चालते तरी." मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. तो हात पुसत ऐकत राहिला. एवढा विश्वास मी सख्ख्या भावावर टाकला नसता, आणि याने तो पायपुसण्यासारखा वापरला. आजही त्याची आठवण आली की घास कडू होतो.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. त्याला शिव्या घालत राहिलो. तिने माझं बोलणं संपू दिलं.

"तो परका," ती म्हणाली. "त्याला गाडी हवी होती, तो खोटं बोलला. त्याचं मला काही नाही. पण तुझ्या बापाची गाडी मी हात लावून ओळखत होते, आणि तू मला त्या दोघांसमोर गप्प बस म्हणालास."