भर दुपारचा स्टोव्ह

राजाजीनगरातलं ते घर भाड्यानं घेतलं, तेव्हा उमाजींना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते गिरणीत फिटर. ते कामावर गेले की सकवारबाई घरी एकट्या. पहिल्याच आठवड्यात, भर दुपारी, स्वयंपाकघरातून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मागोमाग रॉकेलचा वास. सकवारबाईंकडे गॅस होता. स्टोव्ह घरात नव्हताच.

शेजारच्या जयम्मांना विचारलं, तर त्या हळूच म्हणाल्या, “अक्का, आधीच्या भाडेकरूंची सून तिथं भाजून मेली. स्टोव्ह भडकला म्हणाले. तिचं ओरडणं आम्हाला ऐकू आलं होतं.”

तेव्हापासून सकवारबाई सकाळीच स्वयंपाक उरकून स्वयंपाकघराच्या दाराला कडी घालायच्या आणि दुपारभर बाहेर पायरीवर बसून राहायच्या.

“स्वल्प धीर धर,” उमाजी म्हणायचे, “दुसरं घर बघतोय.”

घर काही मिळेना. त्यात निरोप आला, लेक दिव्यश्री बाळंतपणाला येतेय. पोटुशी पोर अशा घरात आणायची कशी? सकवारबाईंनी उंबऱ्यावर अंगाऱ्याची रेघ ओढली, दाराला लिंबू बांधलं. लेकीला मात्र काहीच सांगितलं नाही.

दिव्यश्री आली. दुसऱ्याच दुपारी पाणी प्यायला म्हणून तिनं कडी काढली, आणि आतून पंपाचा आवाज सुरू झाला. सकवारबाई धावल्या. पोर भिंतीला चिकटून, पोटावर हात धरून उभी होती.

“बाहेर ये गं! भूत आहे तिथं!”

“भूत? आई, मला वाटलं, सासूबाई इथंही आल्या.”

“म्हणजे?”

“तिकडं गॅस असून मुद्दाम स्टोव्ह आणलाय. तुझे जावई दार लावून घेतात, त्या पंप मारत बसतात. म्हणतात, बघ, केवढा भडकतो.”

सकवारबाईंनी लेकीला जवळ ओढलं. इतके दिवस त्या मेलेल्या पोरीला भीत होत्या.

बारशानंतर जावई दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आला. उमाजी घुटमळले, पण सकवारबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“माझी पोर जिवंत आहे. ती इथंच राहील.”

“बघून घेईन,” म्हणत तो मोटारसायकल काढून निघून गेला.

दिव्यश्री पुढं कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला जाऊ लागली. नात अंगणात रांगायला लागली. फाटकाशी मोटारसायकल थांबली, की सकवारबाई आधी तिला उचलून आत नेत, आणि मगच कोण आलंय ते बघत.