रविवारचं चित्र

आमच्या घरचा टीव्ही चौदा इंची, काळा-पांढरा. चित्र रंगीत दिसावं म्हणून काकाजींनी त्याच्या काचेवर निळा प्लॅस्टिकचा कागद लावला होता. त्यामुळे बातम्या देणाऱ्या बाईपासून बैलापर्यंत सगळेच निळे दिसत. तरी चिचगडकडच्या आमच्या छोट्या गावात बौद्ध वस्तीतला तो एकुलता एक टीव्ही, म्हणून रविवारी सकाळी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसे.

शतक बदलून एक-दोन वर्षं झाली होती. मी आठवीत होते.

काकाजी म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. तेव्हा तिशीला आले असतील. पोलीस भरतीची तयारी करत होते. रोज पहाटे चिचगडच्या रस्त्यानं धावायला जायचे आणि परत आले की आंगणात गोळा फेकायचे. त्यांच्या गोळ्यानं पडलेले खड्डे आई शेणमातीनं बुजवायची आणि म्हणायची, "भाऊजी, पोलीस व्हा लवकर, माझा आंगण तरी वाचंल." भरती महिन्यावर आली होती. वयाच्या अटीमुळे ही त्यांची शेवटचीच संधी होती.

टीव्हीचं प्रक्षेपण लांबून येई. वारा आला, पाखरू बसलं, ढग आले की चित्रावर मुंग्या. अँटेना एका उंच बांबूला बांधलेली, आणि बांबू घराच्या आढ्याला. ती फिरवायची तर शिडीनं छपराच्या कवेलूंवर चढावं लागे. हे काम काकाजींचं. आणि माझं काम दारात बसायचं. आतलं चित्र पाहायचं आणि वर ओरडून सांगायचं.

"आला का?"

"नाही आला!"

"आता?"

"थोडा आला! अजून फिरवा! आला, आला, राहू द्या!"

हे इतक्या वेळा झालं होतं की शाळेतल्या पोरी माझी नक्कल करत. मला त्याचा अभिमान होता. घर भरलेलं असे, पण काकाजी फक्त माझाच आवाज ऐकत.

त्या वर्षी एका हिंदी मालिकेनं सगळ्या गावाला वेड लावलं होतं. लहानपणी जत्रेत हरवलेली एक मुलगी. मोठी झाल्यावर तिच्यावर चोरीचा खोटा आळ येतो. ज्या बाईसमोर खटला उभा राहतो, ती जज बाईच तिची खरी आई. प्रेक्षकांना माहीत, त्या दोघींना माहीत नाही. किती तरी रविवार ही गोष्ट लांबत गेली होती. धान कापायला गेलेल्या बायका शेताच्या बांधीत वाकल्या वाकल्या भांडायच्या, माय वळखंल की नाही वळखंल. शेजारची म्हातारी आजी तर त्या पोरीसाठी उपास धरायला निघाली होती.

तो रविवार निकालाचा होता. धान चुरायचे, मळणीचे दिवस. बाबा सकाळीच खळ्यावर गेले होते. त्यांना टीव्हीचा तिटकाराच होता. आई भाकरी अर्धवट टाकून आत येऊन बसली. खोलीत पंधरा-वीस माणसं, बाया पुढे, माणसं भिंतीला टेकून. मालिकेचं गाणं सुरू झालं आणि चित्र गेलं. नुसत्या मुंग्या आणि खरखर.

"भाऊजी!" आई ओरडली.

काकाजी धावून आल्यावर नुकतीच आंघोळ करून उभे होते. ओल्या अंगानंच शिडी चढले. कवेलूंवर त्यांची पावलं वाजली. मी दारात माझ्या जागी बसले.

"आला का?"

"नाही आला!"

बांबू करकरला. मुंग्या थोड्या पातळ झाल्या. आवाज आधी आला, तुटक तुटक. वकील काही तरी बोलत होता. मग एकदम, कोणी डोळ्यांवरचा पदर बाजूला करावा तसं, चित्र लख्ख उघडलं. इतकं स्वच्छ चित्र मी त्या टीव्हीवर आजवर पाहिलं नव्हतं. जज बाईच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसत होती.

"आला का?" वरून हाक आली.

मी ऐकली. हे मला आजही स्पष्ट आठवतं. पण ती पोरगी आरोपीच्या कठड्यात उभी राहिली होती आणि जज बाई तिच्याकडे पाहत होती. आता सांगते, हे वाक्य झालं की सांगते, असं माझ्या मनात होतं.

"अवं, आला का?"

खोलीतलं कोणीच बोललं नाही. कोणी मानही वळवली नाही.

"कोणी सांगून राहिलं का नाही? आला का?"

तिसरी हाक जवळून आली. आवाज पोचत नाही असं वाटून ते आढ्यावरून खाली, कवेलूंच्या कडेला आले होते. आत जज बाईनं चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्हारा गाँव कौन सा है?" पोरीनं तोंड उघडलं.

कवेलू घसरल्याचा सर्र आवाज झाला आणि मागोमाग धप्प.

मला आधी वाटलं कवेलूच पडले. मग घराच्या बाजूनं एक कण्हणं ऐकू आलं, माणसाचं वाटू नये असं. सगळे एकदम उठले. मी दारातच होते म्हणून सगळ्यांत आधी पोचले. काकाजी गोठ्याजवळच्या दगडांवर पडले होते. दोन हात पलीकडे तनसीचा, धानाच्या पेंढ्याचा, मोठा ढीग होता. उजवी मांडी जिथं वळायला नको तिथं वळली होती. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे पाहत होते.

बाबांना बोलवायला कोणी तरी धावलं. ते आले, अंगाला धानाचा भुसा लागलेला. भावाजवळ बसले, मांडीकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे.

"काऊन चढला होता हा?"

"चित्र गेला होता," आई म्हणाली.

"मंग? एवढा वेळ वर काय करत होता?"

घरातून मालिकेतल्या जाहिरातीचा आवाज येत होता, साबणाचं आनंदी गाणं. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चित्र आलाच नाही. म्हणून फिरवत राहिले बिचारे."

"आलाच नाही," शेजारची आजी म्हणाली.

"नुसत्या मुंग्या," भिंतीजवळ बसलेला एक माणूस म्हणाला.

पाहता पाहता सगळे तेच बोलू लागले. मी कोणाच्याच तोंडाकडे पाहू शकत नव्हते. बाबा आत गेले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

काकाजींना बाजेसकट भाड्याच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये ठेवलं. मागचं दार उघडंच ठेवावं लागलं, बाजेचे पाय बाहेर आले होते. बाबा एका बाजूला, आई एका बाजूला. मला नेणार नव्हते. पण काकाजींनी माझा हात धरलेला होता आणि ते सोडत नव्हते, म्हणून मी गेले. देवरीपर्यंत जंगलाचा रस्ता. प्रत्येक खड्ड्याला ते दात दाबून धरत आणि माझी बोटं आवळत. मध्येच म्हणाले, "पाय आहे का माह्या? मले समजून नाही राहिला." आई म्हणाली, "आहे, आहे." देवरीला एका डॉक्टरनं बघून नुसतं गोंदियाला न्या म्हटलं. फळी बांधून दिली. पुन्हा जीप. आमगाव येईपर्यंत काकाजी बोलायचे थांबले होते, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरनं त्यांच्या डाव्या पायाच्या तळव्यावर किल्ली ओढली. "भैया, अंगूठा हिलाओ."

अंगठा हलला नाही.

"फिर से. ज़ोर लगाओ."

मी पलंगाच्या लोखंडी दांडीला धरून त्या अंगठ्याकडे पाहत होते. उजवी मांडी मोडली हे दिसतच होतं. पण डावाही हलत नसेल तर मार पाठीत आहे, असं डॉक्टर बाबांना म्हणाले होते. दोन दिवस तो अंगठा हलला नाही. दोन दिवस जो कोणी भेटायला येई तो विचारी, कसे पडले? आणि आई सांगे, चित्र येतच नव्हतं. प्रत्येक वेळी ती गोष्ट थोडी अधिक पक्की होई. वारा होता, ढग होते, मुंग्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगठा हलला. अगदी थोडा. आई रडली. डॉक्टर म्हणाले, "चलेगा ये. दौड़ेगा नहीं, पर चलेगा." ते चांगलीच बातमी सांगत होते. काकाजींनी ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

दुपारी आई-बाबा औषध आणायला खाली गेले. मी एकटीच होते. काकाजींचा उजवा पाय वजनाला बांधून वर टांगला होता. छताकडे पाहत ते म्हणाले, "काय वं, त्या पोरीले माय भेटली का?"

सगळे जे बोलत होते तेच मी बोलू शकले असते. चित्र आलंच नाही, मला काय माहीत. शब्द जिभेवर होते. पण ते इतक्या सहज, गप्पा मारल्यासारखं विचारत होते, की मला खोटं बोलता आलं नाही.

"ते पोरगी कठड्यात आली," मी म्हणाले. "वकील बोलला. मंग जज बाईनं तिच्याकडं पाहिलं. चष्मा काढला. गाव इचारलं."

"मंग?"

"पोरीनं तोंड उघडलं."

"मंग?"

"मंग तुमी पडले."

शेजारच्या पलंगावरचा माणूस खोकला. खाली रस्त्यावर कोणी तरी रिक्षावाल्याशी भांडत होतं.

"म्हंजे चित्र होता."

"होता."

"साफ?"

"साफ."

"मी तीनदा इचारलो. आयकू येत होता तुले?"

"हो."

"आन् बाकीच्यायले?"

मी होकारार्थी मान हलवली.

"जाय," ते म्हणाले. "बाहेर बस."

मी बाहेर बाकावर बसले. आई आली, माझं तोंड पाहून समजली. तिनं मला काही विचारलं नाही आणि रागावलीही नाही. नुसती शेजारी बसली, औषधाची पिशवी मांडीवर धरून.

काकाजी घरी आले तेव्हा माघाची थंडी होती. भरती होऊन गेली होती. उजवा पाय दोन बोटं आखूड झाला होता. ते ओसरीत बाजेवर पडून असत. माझ्याशी बोलत नसत. मी पाणी नेलं तर घेत, जेवण ठेवलं तर जेवत, पण माझ्याकडे पाहत नसत. वस्तीतली माणसंही आमच्या घराकडे येईनाशी झाली. रस्त्यानं जाताना मान खाली घालून जात. बाबांना वाटे लोक माणुसकी विसरले. खरं कारण बाबा सोडून सगळ्यांना माहीत होतं. टीव्ही पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता आणि त्याचं नाव काढायची घरात कोणाची हिंमत नव्हती. ते दोन महिने मी शाळेतून घरी यायला मुद्दाम उशीर करत असे.

उन्हाळा लागला, मोहफुलं वेचायचे दिवस आले. एका रविवारी सकाळी काकाजी कुबडी घेऊन उठले आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, तो टीव्ही उतरव."

"कायले?"

"उतरव तं खरा. आन् साऱ्यायले बलाव."

बाबांनी अँटेनाचा बांबू आढ्यावरून सोडून आंगणात खुंटीला बांधला. लोक आले. कोणी आत येईना, सगळे आंगणातच उभे राहिले. काकाजी ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. मला वाटलं आता हे माझं नाव घेणार.

"चित्र आला होता," ते म्हणाले. "मले मालूम आहे. आता कोणी माह्यासमोर मुंग्या म्हणू नका. मान खाली घालून जाता, ते मले पायापेक्षा जास्त दुखते."

बाबा एकेकाकडे पाहू लागले. तेव्हा आई पुढे झाली. "पहिला खोटा मी बोलली," ती म्हणाली. "पोरीवर आळ येईल म्हणून. पण मीबी आयकली होती हाक. मीबी नाही उठली."

शेजारची आजी मटकन खाली बसली. "मीबी, बाप्पा," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. भिंतीजवळचा तो माणूस पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. बाबा खळ्याकडे निघून गेले आणि दिवसभर परतले नाहीत. आईशी ते बरेच दिवस कामापुरतंच बोलले.

टीव्ही लावला. खाली बांधलेल्या अँटेनानं जेमतेम चित्र येत होतं. ती मालिका केव्हाच संपली होती. पोरीनं काय उत्तर दिलं ते आम्हाला कोणालाच कळलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. शेतीचा कार्यक्रम लागला होता. खताची माहिती सगळ्यांनी खाली मान घालून ऐकली.

ऊन उतरल्यावर काकाजी कुबडी घेऊन फाटकाबाहेर पडले. पडल्यापासून पहिल्यांदाच. थोडं जाऊन थांबले आणि मागे न पाहता म्हणाले, "येऊन राहिली का नाही?"

मी गेले. ज्या रस्त्यानं ते धावायचे त्याच रस्त्यानं आम्ही नाल्यापर्यंत चालत गेलो. तेवढ्या अंतराला आम्हाला कितीतरी वेळ लागला. ते मध्येच थांबून धाप टाकत, पण मी हात पुढे केला की मान हलवून नको म्हणत. परत येताना मात्र चढावर त्यांनी कुबडी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या खांद्यावर भार दिला. तो भार फार होता. घरापर्यंत आम्ही तसेच आलो.