सुचेताने न फेकलेली बॅच

चौक गावच्या मासे विकणाऱ्या इंदुबाईची मुलगी सुचेता हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्यातल्या लहानशा प्रयोगशाळेत टेक्निशियन होती. तिथे जखमेवरच्या मलमांची चाचणी कातडीच्या पेशींवर व्हायची. बशीत पेशींचा थर वाढवायचा, मधोमध ओरखडा काढायचा आणि तो किती वेळात भरतो ते बघायचं. पेशी एकेकट्या धावत नाहीत, एकमेकींना धरून घोळक्याने सरकतात. चार वर्षं झाली, तरी सुचेताला ते बघायचा कंटाळा नव्हता.

पण तिथे हिला मान कसला! "मच्छीचा वास येतोय," म्हणून सोबत काम करणारी हेमाली रोज नाक मुरडायची. सकाळी आईला बांगडे साफ करून देऊन निघाली, की सुचेता बसमध्ये सॅनिटायझर चोळचोळून हाताचा तेलकटपणा घालवायची. राग यायचा. गिळायची.

त्या सोमवारी प्रयोगशाळेचे प्रमुख जितेंद्र सर यांनी नव्या बॅचची एक स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. ओरखड्याच्या काठावरच्या पेशींत नुसती भोकं.

"पेशी आजारी आहेत. सगळी बॅच टाकून दे."

"सर, आजारी असत्या तर सगळ्यांच्या पुढे कशा चालल्या असत्या?"

"तू नुसती बीएस्सी ना? मग सांगतोय तेवढं कर."

झालं! हे तिच्या डोक्यात गेलं. भोकं आहेत म्हणजे तिथलं काहीतरी निघून गेलंय. आणि इथे तर प्रत्येक स्लाइड अल्कोहोलने धुतात. अल्कोहोल कशाला पळवून लावतं, हे त्या गाळ्यात तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? चरबीला!

"टाकणार नाही," ती म्हणाली. "बुधवारपर्यंत द्या. चुकले तर गुरुवारी येत नाही."

बोलून बसली खरी, पण नोकरी गेली तर? बापामागे घर दोघींच्याच कमाईवर चाललेलं. घरी पोचताच तिने आईला सगळं सांगितलं.

इंदुबाईने कोयता खाली ठेवला. "तुजी चूक हाय का?"

"मला तरी वाटत नाही."

"न्हाय ना? मंग कसली भितेस!"

दुसऱ्या दिवशी सुचेताने अल्कोहोल न लावता स्लाइड केली, चरबीला धरणारा लाल रंग टाकला. भोकांच्या जागी लालभडक थेंब! लांबच्या फेरीला निघालेल्या होडीत शिधा भरावा, तसा पेशींनी साठा करून ठेवलेला. पण चालताना हाच साठा खर्च होतो हे कशावरून? तिने दोन बशा घेतल्या. एकीत असं औषध घातलं, की पेशींना ती चरबी फोडताच येऊ नये. दुसरीला हात लावला नाही.

बुधवारी दुपारी साध्या बशीतला ओरखडा भरून आला होता आणि थेंब संपत आले होते. औषधाच्या बशीतल्या पेशी पोटभर चरबी घेऊन काठावरच अडकलेल्या. सुचेताला नाचावंसं वाटलं.

सरांनी दोन्ही बशा आळीपाळीने सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. मग घसा खाकरून म्हणाले, "छान आहे. फोटो पाठव, रिपोर्ट मी लिहितो. आपल्या टीमचं काम म्हणून देऊ."

सुचेताने खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोरच कॉम्प्युटर उघडला.

"रिपोर्ट मी लिहितेय, सर. पहिलं नाव माझं. तुमचं घालायचं की नको, तेवढं सांगा."