निवृत्तीच्या डोक्यावरचं आभाळ

जळगाव जामोदच्या बसस्टँडमागं नौशादचा फोटो स्टुडिओ. पासपोर्टचे फोटो, साखरपुडे, झालंच तर मयताच्या फोटोला फ्रेम, असल्या कामांवर घर चालायचं. पण गड्याचा जीव अडकला होता सातपुड्यात. डोंगराचा फोटो काढावा तर शेत झकास यायचं अन् वरचं आभाळ भक्क पांढरं. इलाज एकच. अर्धा काळा, अर्धा पारदर्शक फिल्टर लेन्सपुढं लावायचा, काळी बाजू आभाळावर.

आता घ्यायचा कोणता? सातशेचा प्लास्टिकचा, की अकरा हजारांचा काचेचा? स्वस्तातला म्हणे ढगांना जांभळं करतो. नौशादनं दोन महिने व्हिडिओ पाहून पाहून डोळ्यांचं वाटोळं केलं. ढगांनी आजवर फोटोचे पैसे दिलेत का, एवढंच बायकोनं, राबियानं, विचारलं. अख्ख्या घरात अक्कल तिला एकटीला, म्हणून तिचं कोणी ऐकलं नाही. अकरा हजारांचा आला.

त्याच आठवड्यात शाळेतला दोस्त निवृत्ती आला. त्याच्या कपाशीचं बियाणं बीटी, अळी लागू नये असलं, तरी बोंडाबोंडात गुलाबी अळी निघालेली. भरपाईच्या अर्जाला फोटो लागत होता: उभ्या कपाशीत शेतकरी, हातात फोडलेलं बोंड, चेहरा साफ. फोटो नाही तर अर्ज नाही.

दोघं शेतात गेले. नौशादनं आधी एक साधा फोटो काढला. निवृत्ती स्वच्छ, आभाळ पांढरं. "छ्या," म्हणत त्यानं तो तिथंच पुसून टाकला. मग फिल्टर चढवला, गुडघे टेकले अन् निवृत्तीला डोंगरापुढं उभं केलं.

"हालू नको बे. ढग मस्त जमून राह्यले."

"तू माहा फोटो काढून राह्यला का ढगाचा?"

"दोघायचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं तो फोटो कौतुकानं राबियाला दाखवला. आभाळ झक्क आलंय, ती म्हणाली, पण हा माणूस कोण?

नौशादनं फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. फिल्टरची काळी बाजू आभाळावर पडली होती तशीच निवृत्तीच्या छातीपासून वर पडली होती. सातशेच्यानंही हेच केलं असतं; अकरा हजारांच्यानं जरा सफाईनं केलं, इतकंच. कॉम्प्युटरवर उजळून पाहिलं तर तोंडाच्या जागी नुसती राख. कॅमेरा अन् तो फोटो पिशवीत टाकून त्यानं गाडीला किक मारली.

शेतात कपाशी नव्हती. हरभऱ्याची पेरणी लांबू नये म्हणून निवृत्तीनं सकाळीच ट्रॅक्टर घातला होता अन् मुळासकट उपटलेली सगळी पऱ्हाटी बांधावर ढीग होऊन पडली होती. नौशादनं खाली मान घालून सगळं सांगितलं, पुसलेल्या फोटोसकट. दोन शिव्या बसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

निवृत्तीनं हात धोतराला पुसले, फोटो घेतला, उन्हात धरून पाहिला.

"आभाळ चांगलं आलं," तो म्हणाला. "पण नुकसान आभाळाचं नव्हतं झालं, नौशाद. माहं झालं होतं."