उभी काडी

शेलूबाजारला जिथे जीप थांबतात, तिथल्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानावर अजून उस्मानभाईंचंच नाव आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. दुकानात त्यांची मुलगी लतीफा बसते. वयानं साठीला टेकलेली, सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी.

त्या सकाळी ती आसेगावला पुंजाजींच्या गच्चीवर होती. त्यांची नात राखी अकरा वाजता पहिल्यांदाच रेडिओवर बोलणार होती, शेतकऱ्यांसाठी नव्यानं सुरू झालेल्या एफएम केंद्रावर. आणि आजीच्या, कस्तुराबाईंच्या, रेडिओतून नुसती खरखर येत होती.

"खाला, यायच्या हाताले गुण हाये," कस्तुराबाई खालून ओरडल्या. "हे अँटेनाचा पाइप धरून उभे राह्यले की टेशन बोलते. सोडला की गेलं."

"मंग बाबाले गच्चीवरच बांधून ठेवा!" लतीफा म्हणाली.

"हासू नको," पुंजाजी म्हणाले. "याच अँटेनावर आमी तीस साल दूरदर्शन पाह्यलं."

लतीफानं वर पाहिलं. जुन्या अँटेनाच्या काड्या कपडे वाळत घालायच्या बांबूसारख्या आडव्या होत्या. मग तिनं पाइप धरून उभ्या असलेल्या पुंजाजींना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि तिला हसू फुटलं.

"बाबा, गुण हाताले नाही. तुमी उभे हा, म्हणून. तिकडं टेशनची काडी उबी हाये, तिची लहर उबीच येते. तुमची काडी निजेल. निजलेल्याले काय धरता येते? तुमी धरलं की तुमचंच अंग काडी होते."

"मंग आकाशवाणी काहून लागते?"

"तिची लहर लांब. जमिनीला धरून टेकाड ओलांडून येते. ही आखूड, नजरेवानी सरळ चालते. टेकाड आडवं आलं की अडते. म्हणून काडी उंच पाहिजे, अन् उबी."

अकराला दहा मिनिटं कमी होती. लतीफानं पिशवीतून ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या काढल्या. वडिलांनी शिकवल्याप्रमाणे प्रत्येक नळी पावणेदोन हात मोजून कापली. या केंद्राच्या लहरीला तेवढीच लागते. एक वर, एक खाली, मध्ये बोटभर फट. दोन्हींना खाली रेडिओपर्यंत गेलेल्या वायरीचं एकेक टोक जोडून तिनं ती जोडी पाइपाच्या टोकाला, आडव्या पट्टीवर हातभर बाजूला धरून, उभी आवळली.

"सोडा आता."

पुंजाजींनी पाइप सोडला नाही.

"आवो बाबा, सोडा ना! नात बोलाची वेळ झाली अन् तुमी खांब होऊन राह्यले."

त्यांनी एकेक बोट सोडलं. मग जिन्यातून आवाज वर आला, स्वच्छ, जरासा घाबरलेला: "राम राम. मी आसेगावची राखी..."

कस्तुराबाईंनी आवाज आणखी मोठा केला. शेजारच्या ओट्यावरच्या बायाही ऐकू लागल्या.

लतीफा पायरीवर बसली. आता पाइपाला कोणाचाच हात लागलेला नव्हता. पुंजाजी मात्र अजून ताठ उभे होते. शेजारच्यानं विचारलं, "काय बाबा, उतरत काहून नाही?"

ते म्हणाले, "आयकू दे. अन् ते काडी पाह्य. आमच्या खालानं उबी केली."