गोधडीचं पोट

आमच्या घरात कापडाला म्हातारपण नव्हतं. साडी विरली, चादर फाटली, शर्टाची कॉलर गेली, की दुसऱ्या बायका नव्या साडीकडे बघतात तशी माझी बायको त्याच्याकडे बघायची. हेंद्रेपाड्यात तिला सगळे गोधडीबाई म्हणायचे. मीही म्हणायचो. बायको माझी, पण नाव गल्लीनं ठेवलेलं.

एकदा माझी चांगली पॅन्ट सापडेना. बघतो तर तिचे चौकोन झालेले.

"अगं, ही मी लग्नाला घालणार होतो!"

"भोक होतं तिला."

"भोक नव्हे, खिसा होता तो!"

ती इतकी हसली की हातातली सुई पडली. ती सुई मलाच रांगत शोधावी लागली. शिवलेली गोधडी ती कोणाला तरी देऊन टाकायची, तशी माझी पॅन्ट गोधडीतून वांगणीकडच्या आश्रमशाळेत गेली. मी चौथीत शाळा सोडलेली. पॅन्ट माझ्यापेक्षा जास्त शिकली.

कापड कमी पडलं की आम्ही उल्हासनगरला जायचो. तिथला एक सिंधी शेठ तिच्यासाठी कतरनीची गोणी बाजूला ठेवायचा. "दादी, जीन्स लेके जाओ, मजबूत है."

"नको साईं, वो ओला हुआ तो उचलता नहीं. धोनेवाली का हात तुटेगा."

जीन्सचे खिसे मात्र ती कापून आणायची आणि लहान पोराच्या गोधडीला एकेक लावायची. "पोराला काहीतरी लपवायला जागा नको?"

लादीवर थर पसरले की तीन कोपऱ्यांवर तांब्या, डबा, पाटा आणि चौथ्यावर मी. "बसा. तुमचं वजन तेवढं तरी कामाला येऊ द्या." मी पेपर वाचायचो आणि ती कडेकडेनं टाके घालत आत आत यायची. शेवटचा टाका मधोमध. त्या जागेला ती पोट म्हणायची. ते शिवून टाकायच्या आधी त्यात चिमूटभर तांदूळ घालायची. तिच्या आईची रीत. "गोधडी उपाशी पाठवू नये. मग ती पांघरणाऱ्याचीच ऊब खाते."

एकदा आश्रमशाळेतून निरोप आला, गोधडीला मुंग्या लागल्या. मी म्हटलं, घे, ही तुझी रीत. तर म्हणते, "बघा, मुंग्याही जेवल्या!"

आमच्या घरात मात्र एकही गोधडी टिकली नाही. मांजर्लीत नदीचं पाणी शिरलं, तेव्हा माझ्या अंगावरचीच ओढून घेऊन गेली. "तुम्हाला चादर आहे ना?" मी दोन दिवस बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही. लोकांची भिजलेली पोरं गुंडाळून आली होती, आणि तोंडावर असा आनंद, जसं काही तिलाच कोणी पांघरूण घातलंय.

श्रावणात ती गेली. चहा ठेवते म्हणाली, आणि ओट्यापाशीच बसली ती उठली नाही. शेवटची गोधडी तशीच राहिली, मध्ये वीतभर पोट उघडं. ती लाडकीच्या होणाऱ्या नातवंडासाठी होती. लाडकी म्हणजे बारवीकडच्या पाड्यावरनं दारावर भाजी घेऊन येणारी म्हातारी. तिच्या सुनेचं बाळंतपण दिवाळीत होतं, म्हणून बाईनं शब्द दिलेला.

मी गोधडीची घडी करून उशाशी ठेवली. पोट उघडं तोवर ती पुरी नाही, आणि पुरी नाही तोवर द्यायची नाही. त्यात बाईची रोजची हिरवी साडी होती. मी कशाला देऊ?

पौषात लाडकी आली. पाठीला नातू, जुन्या टॉवेलात बांधलेला. गोधडीचं नाव काढलं नाही तिनं. वालाच्या शेंगा ठेवल्या नि म्हणाली, "बाय नाय, तर दारात हसू नाय रं बाबा." पोराचे पाय टॉवेलाबाहेर लोंबत होते. मी हात लावून बघितला. गार.

लाडकी गेली तशी मी गोधडी पसरली. चौथ्या कोपऱ्यावर बसायला कोणी नव्हतं, म्हणून गॅसची टाकी ठेवली. दोरा ओवताना डोळ्याला पाणी आलं, ते नुसतं म्हातारपणाचं नव्हतं. टाके असे पडले, जशी कोंबडी चालून गेली. बाईनं बघितलं असतं तर सगळं उसवायला लावलं असतं. ते मनात आलं आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. मग हात थांबेना. कोणाचे तरी पाय झाकायचेत, एवढंच डोक्यात राहतं. ही एवढी खुशीत का असायची ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेलो. लाडकीनं अंगणात गोधडी अंथरली, पोराला वर निजवलं. त्याची इवली मूठ खिशात सरकवली. लाडकीला तांदळाची रीत ठाऊक. तिनं मधोमध हात दाबला, तर तिथे ही एवढी गाठ.

"बाबा, मूठभर घातलंस का रं? बाय तर चिमटीनं घालायची!"

जमलेल्या बाया खदखदून हसल्या. मीही हसलो.

म्हटलं, "श्रावणापासून उपाशी होती ती."